एक व्यक्ती, दोन सेवाकाळ

८ जानेवारी

वन्सं,

तुम्ही फोनवर विचारलंत, "हल्ली दिवसभर करतेस तरी काय?" मी म्हटलं, "चित्रं काढते." त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, पण तुमचं न बोलणं मला इथवर ऐकू आलं. पन्नाशीला टेकलेली बाई नोकरीवर परत जाते आणि चित्रं काढते! म्हणून हे पत्र, आणि सोबत घडी घातलेला मोठा कागद. आधी पत्र वाचा, मग कागद उघडा. तुम्ही नेमकं उलटं करणार हे मला माहीत आहे.

आमच्या पंपांच्या कारखान्यात माणसांची माहिती चार ठिकाणी पडलेली असते. पगार एका खोलीत, रजा दुसऱ्या, प्रशिक्षण तिसऱ्या आणि डॉक्टरी तपासणी दवाखान्याच्या कपाटात. कोणी घर बदललं की नवा पत्ता चौघांना सांगायचा, आणि चौथा हमखास विसरतो. आता हे सगळं एका संगणकात आणायचं आहे. पण बांधायच्या आधी नकाशा लागतो, तो मी काढतेय. चौकटी म्हणजे ज्यांची माहिती ठेवायची त्या गोष्टी: कर्मचारी, विभाग, पद, रजा, प्रशिक्षण, तपासणी. रेघा म्हणजे त्यांची एकमेकांशी नाती. काही रेघांच्या टोकाला तीन बोटं फुटलेली दिसतील, त्याला आमच्यात कावळ्याचा पाय म्हणतात. म्हणजे इकडे एक, तिकडे अनेक. एक विभाग, त्यात अनेक कर्मचारी. एक कर्मचारी, त्याच्या अनेक रजा. (तुमच्या भावाच्या तर अगणित.)

हे काम कोणालाच नको होतं. आमच्या तरुण मंडळींना थेट प्रोग्रॅम लिहायचे असतात, पाया खणायला कोणी तयार नाही. विभागप्रमुखांनी विचारलं, "कोण करेल?" आणि सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. मी हात वर केला. परत रुजू होऊन वर्षही झालेलं नाही, अजून कायम झालेले नाही, आणि हात वर! मार्चअखेर मोठ्या मीटिंगमध्ये हे मांडायचं आहे. कायम करायचं की नाही ते त्यावरच ठरणार, असं प्रमुखांनी स्पष्ट सांगितलंय.

खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटतोय. भिंतीवर कागद लावून मी लांबून बघते, जवळून बघते, आणि कोणी नसलं की उगाच एखाद्या रेघेवरून बोट फिरवते.

तुमची
फूटपट्टी

---

१९ जानेवारी

फूटपट्टी,

कागद आधी उघडला. पत्र नंतर.

त्यामुळे पहिली दहा मिनिटं मी ती कोणाची तरी वंशावळ समजत होते. मधली 'कर्मचारी' ही चौकट म्हणजे घरातली थोरली सून, जो तो रेघ घेऊन तिच्याकडेच. आणि एक रेघ तिच्यातून निघून परत तिच्यातच शिरते, तेव्हा मला तुझा नवरा, आपला ढब्बू, आठवला. तोही फिरायला म्हणून निघतो आणि फाटकापासून परत येतो. मग तुझं टिपण वाचलं की वरिष्ठ हाही कर्मचारीच असतो, म्हणून रेघ घरच्या घरी. बरोबर आहे. मेट्रन झाले तरी मीही नर्सच आहे.

लग्न होऊन आलीस तेव्हा भांडी लावायच्या आधी तू फडताळ मोजलं होतंस. आई म्हणाली होती, "ही सून आहे की सुतार?" मी तेव्हाच तुझं नाव फूटपट्टी ठेवलं. आज ते नाव सार्थ झालं.

चित्राला फ्रेम केली. जाड काचेची. माझ्या ऑफिसात खुर्चीच्या मागे, घड्याळ आणि ड्यूटीचा तक्ता यांच्या मधोमध लावली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, हे माझ्या भावजयीनं काढलंय. शल्यविभागाच्या डॉक्टरांनी विचारलं, विजेच्या वायरिंगचा नकाशा आहे का. त्यांना बसवून सगळं समजावलं, त्यांचा चहा गार झाला. माझ्या एका सिस्टरनं सुचवलंय की 'कोण कोणाशी बोलत नाही' अशी एक चौकट हवी, ड्यूटी लावताना तीच माहिती सगळ्यात जास्त लागते.

आता एक खटकलं ते सांगते. माझी एक खोड आहे. वॉर्डात नवी पद्धत आली की ओळखीचा एक पेशंट मी मनातल्या मनात तिच्यातून फिरवून बघते. दारातून आत, खाटेपर्यंत, मग बरा होऊन घरी, आणि काही वर्षांनी परत दारात. परत येणारा पेशंटच पद्धतीची खरी परीक्षा घेतो. आमच्याकडे तो कितीही वर्षांनी आला तरी नंबर तोच, आणि जुने कागद त्याच्याबरोबर वर येतात.

तर तुझ्या चित्रात मी तुलाच फिरवलं. चौकटीत नंबर एक, रुजू झाल्याची तारीख एक, सोडल्याची तारीख एक. गेल्या वर्षीची तारीख घातली तर तुझी पहिली नऊ वर्षं कुठे लिहायची? ती घातली, तर तू नोकरी सोडून गेलेली. मग हे चित्र काढतंय कोण?

थोरली

---

२८ जानेवारी

वन्सं,

पत्र मिळालं. "तू नोकरी सोडून गेलेली" हे वाचलं.

हो, गेले होते सोडून. का ते तुम्हाला ठाऊक आहे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा घरात कोणीतरी थांबायला हवं होतं, आणि ते कोण याची चर्चासुद्धा कोणाला करावी लागली नाही. त्या गेल्यावरही मला परत दारात उभं करून घ्यायला कारखान्याला चार वर्षं लागली. परत येणारा नवा, हा तिथला नियम आहे. नवा नंबर दिला, मी घेतला. मागच्या नऊ वर्षांविषयी मी विचारलं नाही, त्यांनी विषय काढला नाही.

तुमची नोकरी पहिल्या दिवसापासून सलग. एक नंबर, एक तारीख तुम्हाला शोभते. आमच्यासारख्यांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवायला फार हुशारी लागत नाही.

फ्रेम काढून ठेवा.

आणि डॉक्टरांना सांगा, ते वायरिंग नाही.

---

१२ फेब्रुवारी

ताई,

काय लिहिलंस तू तिला? मी विचारलं तर म्हणाली, "तुमच्या बहिणीला विचारा." म्हणून विचारतो.

आठवडाभर घरात भांड्यांचा आवाज वाढला होता. मग परवा तिनं जेवायच्या टेबलावर तो कागद पसरला आणि मला ताट हातात घेऊन खिडकीत बसून जेवायला लागलं. मधल्या चौकटीवर बोट ठेवून ती कितीतरी वेळ तशीच. मला वाटलं, झोप लागली. एकदम म्हणाली, "अहो, मी ह्यात मावतच नाही." मी म्हटलं, "बारीक झालीस की तू." त्यावर जे बघितलं माझ्याकडे, ते जाऊ दे. पुढे म्हणाली, "माझ्याच हातानं काढलं, आणि मलाच बाहेर ठेवलं. वन्संनी टोमणा मारला नव्हता. त्या मला शोधत होत्या."

हे तिनं मला सांगितलं. तुला सांगायला अभिमान आडवा येतोय. तुम्ही दोघी एकाच माळेचे मणी, म्हणून मध्ये मी दोरा.

सध्या जेवणाच्या सुट्टीत ती कारखानाभर हिंडते. ओतकाम, गोदाम, क्रेन, सगळीकडे. परत आलेली माणसं शोधते आणि एकेकाला आपल्या चित्रातून फिरवते म्हणे. ही कोणाची खोड ते मला माहीत आहे.

दुसरं. तुझ्या निवृत्तीचं तू तिला अजून कळवलेलं नाहीस. तुझा निरोप समारंभ एकतीस मार्चला, आणि तिची ती मोठी मीटिंगही एकतीस मार्चलाच. सांगू का मी?

ढब्बू

उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव.

---

१७ फेब्रुवारी

ढब्बू,

सांगितलंस तर ह्या वयातही कान उपटीन.

ती ह्या घरासाठी एकदा काम टाकून उठली. माझी भाषणं ऐकायला दुसऱ्यांदा उठायची नाही. तिला कळलं तर ती मीटिंग सोडून पहिल्या गाडीनं इथं येईल आणि वर म्हणेल, त्यात काय मोठंसं. मी ओळखून आहे.

तू ये. चांगला कोट घालून ये, कोपरावर चकाकणारा नको.

फ्रेम काढलेली नाही.

ताई

---

२४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. मागच्या पत्राचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या मते चूल पेटवायला चांगलं आहे.

तुम्ही मला त्या चौकटीत शोधलंत, आणि मी समजले, तुम्ही मला हिणवताय. खरं सांगू? इतकी वर्षं कोणी माझ्या पहिल्या नोकरीचा विषयच काढला नव्हता. त्यामुळे विषय निघाला म्हणजे टोमणाच असणार, असं मन धरून बसलं होतं.

आता कामाचं. मधली चौकट मी फोडली, नवा कागद सोबत आहे. आता 'व्यक्ती' वेगळी आणि 'सेवाकाळ' वेगळा. व्यक्ती एकच: नाव, जन्मतारीख आणि एक नंबर, जो जन्मभर बदलणार नाही. ती जितक्या वेळा नोकरीवर येईल तितके सेवाकाळ, प्रत्येकाला आपली सुरुवात, आपला शेवट. दोघांमध्ये रेघ, आणि सेवाकाळाच्या टोकाला कावळ्याचा पाय. पद आणि विभाग सेवाकाळाला जोडले, कारण ते बदलतात. प्रशिक्षण आणि डॉक्टरी तपासणी मात्र थेट व्यक्तीला. माणूस नोकरी सोडून जातो तेव्हा शिकलेलं आणि सोसलेलं इथं ठेवून जात नाही.

हे शेवटचं मला एका माणसानं शिकवलं. घणाच्या शेडमध्ये, जिथं तापलेलं लोखंड ठोकून आकार देतात, तिथं एक घडाईवाले आहेत. मोठ्यानं बोलावं लागतं त्यांच्याशी. पहिल्या नोकरीत आमच्याच डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर लिहिलं होतं की कान अधू होताहेत, आवाजाचं काम देऊ नये. ते गाव सोडून गेले, दोन वर्षांनी परत आले. नवा नंबर, नवा कोरा कागद. जुना कागद जुन्या नंबराखाली दवाखान्याच्या कपाटात. आणि अनुभवी माणूस म्हणून त्यांना पुन्हा त्याच घणापुढे उभं केलं. कोणी दुष्टपणा केला नाही, वन्सं. दोन नंबर म्हणजे दोन माणसं, इतकंच सगळ्यांनी धरलं. मी विचारलं, "तुम्ही सांगितलं नाहीत?" ते म्हणाले, "लिहिलेलं होतं ना, म्हटलं बघितलं असेल."

त्या संध्याकाळी घरी आले ती सरळ कागदापाशी, चपला काढायचंही सुचलं नाही.

आता अडचण. विभागप्रमुखांना नवा नकाशा दाखवला. ते माणूस वाईट नाहीत, पण घाबरतात. म्हणाले, "बाई, परत येणारा नवा, हा नियम आहे. नकाशा नियम बदलू शकत नाही. तुम्ही जुनी मढी उकरताय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तुम्ही स्वतः परत आलेल्यांपैकी. तुमच्या कायम होण्याची फाइल माझ्याकडे आहे. लोक म्हणतील, बाईंनी स्वतःसाठी चौकट काढली."

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. मी स्वतःसाठी काढली का? मीटिंग एकतीस मार्चला आहे. पहिला नकाशा ठेवला तर सगळे खूश, मी कायम. दुसरा ठेवला तर काही सांगता येत नाही.

मीटिंग झाली की दोन दिवस इकडे या ना.

तुमची
फूटपट्टी

---

६ मार्च

फूटपट्टी,

चूल पेटवली नाही. माझ्याकडे गॅस आहे. पत्र ठेवलंय.

स्वतःसाठी काढली का, असं विचारतेस. अग, काढली असलीस तर काय बिघडलं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आमच्याकडे प्रसूतीच्या खोलीत पडदा लावायचं कोणा पुरुषाला कधी सुचलं नाही, ते एका बाळंतीण झालेल्या सिस्टरनंच मागितलं. म्हणून पडदा चुकीचा ठरतो का? खरं की खोटं एवढं बघ. आणि त्यांना बोलायची वेळ येऊ देऊ नकोस. मीटिंगमध्ये उभी राहिलीस की पहिलं वाक्य तेच टाक: मी परत आलेली आहे. लपवलेली गोष्ट दुसऱ्यानं काढली की चोरी दिसते, आपण सांगितली की ओळख.

घडाईवाल्यांचं वाचून राग आला. त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठव. नुसतं चित्रात बसवू नकोस.

आता माझी एक मागणी आहे. नवं चित्र मला आवडलं. तुझे दोन सेवाकाळ सुबक बसले. पण त्यांच्या मधे मोकळी जागा आहे, ती मला बघवत नाही. ती वर्षं मोकळी नव्हती. आई आयुष्याची शेवटची सात वर्षं अंथरुणात होती आणि तिच्या पाठीला एक जखम झाली नाही. मी नर्स आहे, मला माहीत आहे ती काय चीज आहे. दर दोन तासांनी कूस बदलल्याशिवाय ते होत नाही, आणि माझ्या वॉर्डात चार-चार सिस्टर असून प्रत्येक वेळी साधत नाही. तर त्या वर्षांची एक चौकट काढ. नाव काय द्यायचं ते तू बघ.

मीटिंग झाली की लगेच मला येता येणार नाही. एकतीसला इथं थोडं काम आहे.

पाठ ताठ ठेव. मोठ्यानं बोल, पण भरभर नको.

थोरली

---

१ एप्रिल

वन्सं,

आजची तारीख थट्टेची असली तरी पुढचं सगळं खरं आहे. नकाशा पास! एक रेघही न हलवता!

पहिल्यापासून सांगते, कारण सांगायला घरात कोणी नाही. तुमचे ढब्बू नेमके परवा ऑफिसच्या कामाला म्हणून गावाला गेले. नवा कोट घेऊन गेले. ऑफिसच्या कामाला ह्यांनी आजवर इस्त्रीचा रुमालसुद्धा नेलेला नाही, तेव्हा आल्यावर चौकशी होईल.

लांब टेबल, भोवती बारा-तेरा माणसं, आणि भिंतीवर माझा कागद. मी उभी राहिले आणि तुमचं वाक्य पहिलं टाकलं. म्हटलं, "हा नकाशा बघण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. मी ह्या कारखान्यात नऊ वर्षं होते, सोडून गेले, आणि परत आले. ह्या चौकटीत मीही आहे." विभागप्रमुख खाली बघत होते ते वर बघायला लागले. त्यांच्या हातातली काठीच मी काढून घेतली होती.

मग माणसं फिरवली. आधी सोपी: क्रेन चालवणाऱ्या दादांना एकच प्रशिक्षण दोनदा दिलं गेलं, कारण दुसऱ्या नंबराला ते आलेलं नव्हतं. सगळे हसले. मग घडाईवाले. पहिला नंबर, त्याखाली डॉक्टरांचा शेरा. दुसरा नंबर, कोरा. तो घण. कोणी हसलं नाही. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "हे आत्ता कुठे आहेत?" मी सांगितलं, "गेल्या आठवड्यापर्यंत तिथंच होते. आता गोदामात आहेत, आणि कानाच्या डॉक्टरांकडे जाताहेत." तुम्ही सांगितलंत म्हणून ते मी आधीच करून टाकलं होतं. नाहीतर त्या प्रश्नाला माझ्याकडे काय उत्तर होतं?

प्रमुखांनी अखेरचा प्रयत्न केलाच. "पण मागची सेवा धरायची की नाही, हा नियमाचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "हो, आणि तो तुमचा आहे. काय धरायचं, काय सोडायचं ते तुम्ही ठरवा. पण झालेलं झालंच नाही, असं दाखवणारी चौकट मी काढणार नाही." वन्सं, हे मी बोलले! घरात मीठ कमी पडलं तरी दोनदा विचार करून बोलणारी मी.

मग मोठे साहेब उठले, कागदापाशी गेले, आणि व्यक्ती आणि सेवाकाळ यांच्यामधल्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं. अगदी मी फिरवते तसं. म्हणाले, "ह्याच्याखाली काढणाऱ्याचं नाव नाही. नाव घाला, मग माझी सही." मी सगळ्यांसमोर नाव लिहिलं, पूर्ण. अक्षर चांगलं आलं.

कायम झाल्याचा कागद आज दुपारी मिळाला. प्रमुखांनी स्वतः आणून दिला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मला फार घाम फोडलात." मागच्या सेवेच्या नियमाचं पुढे काय होईल ते माहीत नाही. होईल तेव्हा होईल. पण चाचणीसाठी पहिली माहिती कोणाची भरायची असं विचारलं तेव्हा मी माझी भरली. त्याचा छापील कागद सोबत आहे. वर व्यक्ती एक. खाली दोन ओळी.

तुमच्या मागणीचं मात्र ऐकणार नाही. मधल्या वर्षांची चौकट मी काढली नाही. खूप विचार केला. तो नकाशा कारखान्याचा आहे आणि ती वर्षं कारखान्याची नाहीत. ती आपल्या घरची आहेत. तिथं दोन तारखांच्या मधलं अंतर दिसेल तेवढं दिसू दे. त्यात काय होतं ते विचारायचा त्यांना अधिकार नाही आणि सांगायची मला गरज नाही. पण तुम्ही ते पाठीच्या जखमेचं लिहिलंत ना, ते पत्र मी कपाटात वरच्या खणात ठेवलंय. कायम झाल्याच्या कागदाच्या वर.

तुमचं थोडं काम झालं का?

तुमची
फूटपट्टी

---

९ एप्रिल

फूटपट्टी,

शाबास. हे मी आधी हॉस्पिटलात जाऊन सगळ्या मजल्यांवर सांगून आले, मग तुला लिहायला बसले.

आता रागावू नकोस. माझं "थोडं काम" म्हणजे माझा निरोप समारंभ होता. एकतीस मार्चला मी निवृत्त झाले. ढब्बू ऑफिसच्या कामाला गेला नव्हता, तो पहिल्या रांगेत बसून रडत होता. कोट चांगला होता. त्याची चौकशी कर, पण बेतानं, मीच त्याला धमकावलं होतं. तुला कळवलं असतं तर तू मीटिंग सोडून आली असतीस, आणि मग मला कोणत्या तोंडानं भाषणं ऐकता आली असती?

भाषणं पुष्कळ झाली. अधीक्षक म्हणाले, "मेट्रनबाईंची सेवा सलग. एकही खंड नाही." त्यांच्यानंतर शल्यविभागाचे डॉक्टर उठले, तेही म्हणाले, "एकही खंड नाही." तिसऱ्यानंही तेच म्हटलं. तुझी फ्रेम मी खुर्चीमागून काढून त्या सभागृहात आणून ठेवली होती, सगळ्यांना दिसावी म्हणून. ती समोर होती, आणि घड्याळात बघितलं तर तू साधारण त्याच वेळी तिकडे उभी असणार. मग माझी पाळी आली. मी लिहून नेलेलं बाजूला ठेवलं.

मी म्हटलं, "माझ्या सेवेत खंड पडला नाही, हे खरं आहे. पण खंड पडायचा होता. आई माझीही होती. ज्या वर्षी मी मेट्रन झाले, त्या वर्षी तिची कूस बदलायला मी नव्हते. माझ्या वाट्याचा खंड माझ्या भावजयीनं घेतला. तुम्ही आत्ता टाळ्या वाजवल्यात त्यांतल्या अर्ध्या तिच्या आहेत. ती आज इथं नाही, कारण ती आपल्या कामावर उभी आहे, आणि मला ह्याचा फार अभिमान आहे." ढब्बूचा दुसरा रुमाल तिथं संपला.

जुनी फ्रेम आता तिथंच ठेवून आले. नव्या मेट्रननं मागून घेतली. मी तिला सांगितलंय की मधली चौकट चुकलेली आहे आणि का चुकली तेही. ती म्हणाली, "मग तर ठेवायलाच हवी."

हॉस्पिटलचं क्वार्टर सोडलं, माझ्या नव्या घरात भिंत मोकळी आहे. तुझा नवा नकाशा आणि तो छापील कागद, दोन्ही एकाच फ्रेममध्ये लावले. मधल्या वर्षांबद्दल तुझं म्हणणं मला पटलं. कारखान्याच्या कागदावर ती नकोत. पण माझ्या भिंतीवरचा कागद माझा आहे. तेव्हा काच लावायच्या आधी मी पेन्सिल घेतली. तुझ्या दोन ओळींच्या खाली कोऱ्या जागेत माझी एक लांब ओळ लिहिली, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून एकतीस मार्चपर्यंत. आणि तुझ्या दोन ओळींच्या मधून, त्या मोकळ्या जागेतून, एक रेघ खाली माझ्या ओळीपर्यंत आणली. टोकाला कावळ्याचा पाय काढायला गेले, तो कोंबडीचा झालाय.

तू येशील तेव्हा बघशील. चूक असेल तर सांग. खोडणार नाही.

थोरली